बदकांच्या बाजूने

आमच्या घरात व्हिडिओ गेमविषयी दोन पक्ष आहेत आणि मी दोन्ही पक्षांतून निलंबित आहे.

पहिल्या पक्षाच्या अध्यक्षा सासूबाई. गेममुळे मुलांचे डोळे जातात, मान जाते, अभ्यास जातो आणि शेवटी हातचा मुलगा जातो, असा त्यांचा जाहीरनामा आहे आणि तो त्या कँडी क्रश खेळता खेळता वाचून दाखवतात. "आई, तुम्ही खेळताय तोसुद्धा व्हिडिओ गेमच आहे," असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हा कसला गेम? ही गोळ्यांची मांडामांड आहे. हात रिकामा राहू नये म्हणून." या पक्षाचा सरचिटणीस माझा नवरा. त्याचा प्रश्न एकच, "पण त्यातून फायदा काय?" हा प्रश्न त्याचा आजवर नाटक, ट्रेकिंग, मांजर आणि माझ्या माहेरची लग्नं या सगळ्यांबाबत विचारून झालेला आहे.

दुसरा पक्ष चिरंजीव अर्णवचा. एकसदस्यीय असला तरी आवाज मोठा. त्याच्या मते व्हिडिओ गेम ही या शतकातली सर्वश्रेष्ठ कला आहे. शिवाय तिच्यामुळे निर्णयक्षमता वाढते, हातडोळ्यांचा मेळ बसतो, टीमवर्क येतं, इंग्रजी सुधारतं आणि पुढेमागे करिअरही होतं. जेवणाच्या टेबलावर या दोन पक्षांची रोज जुंपते. ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं की यांच्यात मतभेद असे फारसे नाहीतच. एक म्हणतो गेमने फायदा होत नाही, दुसरा म्हणतो होतो. फायदा व्हायलाच हवा, यावर मात्र सभागृहात पूर्ण एकमत आहे.

माझं मत असं, की व्हिडिओ गेमचा काडीचाही फायदा नाही आणि त्यांचा तोच सगळ्यात मोठा गुण आहे. हे बोलल्यावर सासूबाईंनी पहिलं वाक्य ऐकून मान डोलावली आणि दुसरं ऐकून थांबवली. अर्णवने दोन्ही वाक्यांना आक्षेप घेतला. नवऱ्याने विचारलं, "असलं मत ठेवून फायदा काय?"

आपल्याकडे माणसाला बिनकामाचं काही करायची सोयच ठेवलेली नाही. गाणं शिकायचं तर गांधर्वच्या परीक्षा द्यायच्या. चित्रं काढायची तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कारण दहावीला मार्क वाढवून मिळतात. बुद्धिबळाने गणित सुधारतं, पोहण्याने उंची वाढते, स्तोत्रांनी जीभ वळते, पत्रं लिहिल्याने अक्षर सुधारतं. गोष्टीची पुस्तकंसुद्धा निबंधाला उपयोगी पडतात म्हणून हातात दिली जातात. सुट्टीत मूल नुसतं पडून छताकडे बघत असलं, तर त्याला कुठल्या शिबिरात घालावं याची चौकशी सुरू होते. अशा मुलखात एक गोष्ट अशी निघाली, की जिच्यातून मार्क, उंची, अक्षर, संस्कार यांतलं काहीच निघत नाही. तिला जपायचं सोडून आपण तिच्यावर फायद्याचं लेबल चिकटवायच्या मागे लागलोय.

अर्थात निमित्त शोधायची ही खोड फक्त आपलीच नाही. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत अलेक्सेई पाजित्नोव नावाचे एक संशोधक कामाला होते. नव्या संगणकाची ताकद किती, हे तपासायचं निमित्त करून त्यांनी वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा एक खेळ लिहिला. तो टेट्रिस. सोव्हिएत अकादमीत संशोधक दिवसभर ठोकळे रचत बसलेत, असं सांगता आलं नसतं. संगणकाची चाचणी चालू आहे, असं सांगता आलं. जगातल्या सर्वांत लाडक्या खेळांपैकी एक असा सरकारी वेळेत आणि सरकारी यंत्रावर जन्माला आला. सरकारी खात्यांवर टीका करताना एवढं ध्यानात असू द्यावं.

माझं दुसरं बदनाम मत याच ओळीतलं आहे. आजवर झालेल्या सगळ्या व्हिडिओ गेममध्ये सर्वश्रेष्ठ म्हणजे विंडोजमधला सॉलिटेअर. हे ऐकून अर्णव जेवणावरून उठला होता. पण बघा. हा गेम वेस चेरी नावाच्या एका शिकाऊ मुलाने मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करताना लिहिला. पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांची. १९९० साली तो विंडोज ३.० बरोबर घरोघरी आणि मुख्य म्हणजे कचेरीकचेरीत पोचला. कंपनीने दिलेलं निमित्त असं, की लोकांना माउस धरून एखादी वस्तू इकडून तिकडे ओढत न्यायची सवय व्हावी. चेरीने त्यात साहेब आले की दाबायचं एक बटणही ठेवलं होतं. ते दाबलं की पत्ते गायब आणि पडद्यावर आकडेमोडीचा तक्ता हजर. कंपनीने हे बटण तेवढं काढायला लावलं. चेरीला या गेमची रॉयल्टी म्हणून एक पैसा मिळाला नाही, म्हणजे गेमचा फायदा लिहिणाऱ्यालासुद्धा झाला नाही. याहून निर्मळ कलाकृती कोणती?

मी बँकेत लागले तेव्हा आमच्या शाखेत निवृत्तीला टेकलेले एक हेड कॅशियर होते. नव्या संगणकावर पासबुकाची नोंद करायची म्हटली की त्यांना कर्सर सापडत नसे. कुठे गेला, कुठे गेला करत ते माउसची पाठ थोपटायचे. दुपारी अडीचनंतर मात्र बदाम नव्वीवर इस्पिक अठ्ठी असे काही अलगद नेऊन ठेवायचे, की बघत राहावं. डाव सुटला की पडद्यावर पत्ते टणाटण उड्या मारत खाली कोसळू लागायचे. ते दृश्य आलं की हातातला चहा ठेवून अर्धी शाखा त्यांच्या टेबलाभोवती. कर्जमंजुरीच्या वेळी आमच्यात इतकी एकजूट कधी दिसली नाही. दोन वर्षांत ते सॉलिटेअरमध्ये निष्णात झाले. पासबुकाची नोंद निवृत्त होईपर्यंत जमली नाही. कंपनीचं प्रशिक्षणाचं निमित्त किती पोकळ होतं, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा मी कोर्टातही देईन. त्यांचं नशीब एवढंच, की साहेब आमचे होते. न्यूयॉर्कचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी २००६ साली एका सरकारी कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर उघडा दिसला म्हणून त्याला नोकरीवरून काढून टाकलं होतं.

आता तिसरं मत, गोष्टीबद्दल. गेममध्ये गोष्ट नको, असं माझं ठाम मत आहे आणि यावर दुसऱ्या पक्षाने मला कारणे दाखवा नोटीस बजावलेली आहे. कारण दाखवते. अर्णवने मला मोठ्या अभिमानाने 'द विचर ३' दाखवला. २०१५ सालचा पोलंडचा गेम, सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला, जगभर नावाजलेला. नायक गेराल्ट पांढऱ्या केसांचा, भारदस्त आवाजाचा, राक्षस मारून पोट भरणारा. त्याची मानलेली मुलगी सिरी हरवली आहे आणि भुताखेतांची एक अख्खी फौज तिच्या मागावर आहे. माझा जीव वरखाली. म्हटलं, चल बाबा, घोड्याला टाच मार. गेराल्टने घोड्याला टाच मारली, पहिली खानावळ गाठली आणि तिथल्या मालकाशी पत्ते खेळायला बसला. एक डाव झाल्यावर दुसरा. मग गावात कोणा म्हातारीचा तवा हरवला होता, तो शोधायला गेला. मग पुन्हा पत्ते.

"अरे, याची मुलगी हरवलीय ना?"

"हो, पण ती मेन क्वेस्ट आहे. ती कधीही करता येते."

"आणि ती भुतं?"

"ती थांबतात, आई."

लेकीच्या जिवावर उठलेली भुतं बापाचा पत्त्यांचा डाव संपेपर्यंत ताटकळत उभी राहतात आणि याला म्हणे कथानक. या पत्त्यांच्या खेळाची गोडी लोकांना इतकी लागली, की पुढे त्याचा 'ग्वेंट' नावाचा स्वतंत्र गेम काढावा लागला. म्हणजे इतकी मोठी करुण कहाणी रचून शेवटी लोकांना हवा होता तो पत्त्यांचा अड्डा. हे त्यांनी मला आधी विचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं.

त्यापेक्षा १९८५ चा सुपर मारिओ प्रामाणिक. त्याचा निर्माता शिगेरू मियामोतो याने गोष्टीचं फार अवडंबर माजवलं नाही. राजकन्या पळवली गेली आहे, उजवीकडे पळा, संपलं. मारिओला टोपी का? तर १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत केस नीट काढता येत नव्हते. मिशी का? तर नाक आणि तोंड वेगळं दिसावं म्हणून. सुपर मारिओमधले ढग आणि झुडपं तर एकच चित्र आहे, वर पांढरं रंगवलेलं आणि खाली हिरवं. आणि कथानक? एवढा जीव धोक्यात घालून किल्ला जिंकावा, तर आतला बुटका सांगतो, आभारी आहे, पण राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात किल्ले. सातबारा काढायला तलाठी कार्यालयात गेलेल्या कोणालाही हा अनुभव गेमच्या बाहेर आणि तोही राजकन्येविना मिळालेला असतो. जपानी माणसाला हे इतकं अचूक कसं समजलं, याचं मला कौतुक वाटतं.

चौथं मत अवघड गेमबद्दल. 'एल्डन रिंग' नावाचा २०२२ चा एक गेम आहे. त्यात माणूस चालायला लागतो आणि मरतो. पुन्हा चालायला लागतो, थोडा पुढे जाऊन मरतो. मेलात, हे तो गेम मोठ्या अक्षरांत कळवतोही. अर्णवने अख्खी दिवाळीची सुट्टी एकाच राक्षसिणीच्या हातून मरण्यात घालवली. भाऊबीजेला ओवाळून घ्यायला उठला तेव्हाही तोंडावर सुतक होतं. मी विचारलं, यात सोपी पातळी नाही का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंढरपूरच्या वारीत रिक्षाची चौकशी केली असावी. सोपी पातळी मागणं हा त्या संप्रदायात अधर्म. २०१९ मध्ये याच कंपनीचा 'सेकिरो' आला तेव्हाही जगभर यावरून रणकंदन झालं. कष्टाविना विजयाला किंमत नाही, असं ही मंडळी म्हणतात. मला तर हा आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा आवाज वाटतो. घाम गाळा, चारित्र्य घडवा! आला की नाही फायदा मागच्या दाराने?

मी चीट कोडच्या बाजूने आहे. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ होते. 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना त्यांना तो तपासायला म्हणून खेळावा लागायचा आणि तो त्यांना झेपेना. स्वतः केलेला गेम स्वतःलाच अवघड! मग त्यांनी आत एक चोरवाट ठेवली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. एवढी बटणं दाबली की सगळी शस्त्रं हातात. विकायच्या आधी ती काढायची राहून गेली. तोच मंत्र पुढे 'काँट्रा'त घातला आणि तीन लाइफच्या जागी तीस मिळू लागल्या. मला व्याकरणातल्या विभक्ती आज येत नाहीत, पण हा मंत्र अजून तोंडपाठ आहे. ज्या कारागिराला आपल्या हाताने केलेला लाडू फुटला नाही आणि त्याने बत्ता ग्राहकालाही देऊन टाकला, तो माझ्या दृष्टीने संत.

पाचवं मत खेळण्याबद्दल नसून बघण्याबद्दल आहे. व्हिडिओ गेम खेळण्यापेक्षा शेजारी बसून बघणं श्रेष्ठ. हे मी धाकटी बहीण म्हणून बोलते आहे आणि महाराष्ट्रातल्या तमाम धाकट्या भावंडांचा मला पाठिंबा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कऱ्हाडला व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्यावर मिळायचा. यंत्र नकली, कॅसेटवर 'लाखभर गेम' असं छापलेलं, आत मोजके दहा-पंधरा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि मागून आजोबा ओरडायचे, "बंद करा ते, पिक्चर ट्यूब जाईल!" पहिलं रिमोट अर्थात दादाचं. "मी मेलो की तुझा चान्स," असं तो सांगायचा आणि मरायचाच नाही. मेलाच तर, ती स्टेज तुला जमणार नाही, एवढी काढून देतो, म्हणत पुन्हा तोच. मग निघायचा 'डक हंट', बदकांचा गेम, आणि त्याची प्लॅस्टिकची बंदूक. बंदूकही दादाचीच. मेनूतून गेम सुरू करून झाला की निरुपयोगी झालेलं रिमोट तो माझ्या मांडीवर टाकायचा. घे, खेळ तू पण.

त्या बंदुकीची खुबी मला फार पुढे कळली. ती टीव्हीवर काहीच मारत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. म्हणजे गोळी बंदूक झाडत नाही, टीव्ही झाडतो आणि बंदूक फक्त झेलते. म्हणूनच आजच्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. चित्र यायला तिथे जरासा उशीर होतो आणि तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ टळून जाते. पण दुसरी खुबी मला त्याच सुट्टीत कळली होती. एक बदक उडतं त्या डावात रिमोटचं बटण डावीकडे दाबलं की बदक डावीकडे वळतं. वर दाबलं की वर. गेम बनवणाऱ्यांनीच दुसऱ्या भिडूसाठी ही सोय करून ठेवलेली, पण नकली यंत्राबरोबर माहितीपत्रक कुठलं यायला?

मी कोणाला बोलले नाही. दादा एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून नेम धरायचा. मी मांडीवरच्या रिमोटवर अंगठा ठेवून निमूट बसायची. तो चाप ओढणार, तेवढ्यात बदक टुणकन उजवीकडे. गोळ्या संपायच्या, बदक उडून जायचं आणि गवतातून तो कुत्रा वर येऊन दादाकडे बघून खी खी हसायचा. त्या कुत्र्याला गोळी लागत नाही. दादाने त्याच्यावरही बरीच काडतुसं वाया घालवली. मग बंदूक बिघडलीय म्हणून दुकानदाराशी भांडून बदलून आणली. नवी बंदूकही बिघडलेलीच निघाली. आज तो एका मोठ्या कंपनीत जोखीम व्यवस्थापनाचा प्रमुख आहे आणि त्या बंदुकीविषयी अजून बोलतो.

पडद्यावरचा स्कोअर दादाचा होता. मजा कोणाची होती, हे वेगळं सांगायला नको. खेळणाऱ्याला जिंकायची घाई असते. बघणाऱ्याला कसली घाई नसते. आता लाखो मुलं दुसऱ्याला गेम खेळताना तासन्‌तास बघतात, त्यावर वडीलमंडळी कपाळाला हात लावतात. खरं तर क्रिकेटचे पाचपाच दिवस बघून झालेल्या पिढीने याबाबतीत गप्प बसावं.

सहाव्या मतामुळे अर्णवने मला आपल्या फोनवरून कायमचं काढून टाकलं. ते मत पबजीबद्दल. २०१८ मध्ये हा गेम आपल्याकडे मोबाईलवर आला आणि २०१९ मध्ये 'परीक्षा पे चर्चा'त एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केल्याबरोबर, हा पबजीवाला आहे का, असं थेट पंतप्रधानांनीच विचारलं. सासूबाईंच्या पक्षाला याहून मोठी राजमान्यता कोणती? पुढे २ सप्टेंबर २०२० ला तो चिनी ॲपांच्या यादीत बंद झाला आणि २०२१ मध्ये नाव बदलून परत आला. गेम असा, की शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात आणि एक उरेपर्यंत एकमेकांना मारतात. एकदा अर्णवच्या संघात एक भिडू कमी होता, म्हणून मला घेतलं. मी उतरल्या उतरल्या एक घर गाठलं, न्हाणीघरात शिरले आणि टबात आडवी झाले.

"आई, कुठे आहेस तू?"

"न्हाणीघरात."

"गेममध्ये, गेममध्ये!"

"हो, गेममध्येच. दार लावून घेतलंय."

बाहेर धडाधड गोळ्या चालल्या होत्या. अर्णव मेला, त्याचे शूर मित्रही मेले. मी पडून राहिले आणि शेवटच्या दहांत पोचले. संघाने माझा सत्कार करायचा सोडून, हे खेळणं नव्हे, असा ठराव केला. गनिमी काव्याचा वारसा सांगणाऱ्या प्रांतातली ही मुलं! अंगावर धावून जाण्यालाच ती खेळ म्हणतात. मी म्हणते, ज्या बेटावर नव्व्याण्णव माणसं बंदुका घेऊन फिरताहेत, तिथे टबात पडून राहणं हा भित्रेपणा कसा? ती अक्कल.

पैशाची गोष्ट निघाली की मात्र दोन्ही पक्षांची भाषा एक होते, आणि तिथे मीही त्यांच्यात असते. २००६ साली 'ओब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरना वेगळं विकायला काढलं. खोटा घोडा, त्याचं खोटं चिलखत आणि खरे पैसे. लोक पोट धरून हसले आणि घेतलंही. तेव्हापासून जे सुरू झालं ते आजतागायत. २०१७ मध्ये एका मोठ्या कंपनीने 'स्टार वॉर्स'च्या गेमची पूर्ण किंमत घेऊन वर डार्थ व्हेडरला कुलूप घातलं. ते उघडायला एक तर कित्येक तास राबायचं, नाही तर पैसे मोजून नशीब अजमावायचं. लोक चिडल्यावर कंपनीने इंटरनेटवर खुलासा केला, की खेळाडूंना अभिमान वाटावा आणि काही मिळवल्याचं समाधान लाभावं, हाच यामागचा हेतू. या एका खुलाशाला साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती नोंदवली आणि तो गिनीज बुकात गेला. नावडत्या मतांच्या क्षेत्रात इतकी वर्षं घालवूनही माझी मजल टेबलावरच्या तिघांपलीकडे गेलेली नाही. पण खुलासा नीट वाचा. तिथेही तेच. राबा, त्याने तुमचंच भलं होईल.

सासूबाईंनी या बाजारावर स्वतःपुरता इलाज काढलाय. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ असतात आणि गेलेली एक लाइफ परत यायला अर्धा तास लागतो, नाही तर पैसे भरा. सासूबाई पैसे भरणाऱ्यांतल्या नाहीत. त्या फोनमधलं घड्याळ पुढे करतात. अर्ध्या तासाची वाट बघायला नको, सरळ उद्या गाठायचा. त्या नादात त्यांचा फोन बरेचदा आमच्यापेक्षा दोन-तीन दिवस पुढे असतो. नणंदेला वाढदिवसाच्या शुभेच्छा न्यूजर्सीत आदल्या दिवशीच पोचल्या, तेव्हा तिला वाटलं आई विसरायला लागली. मी काही बोलले नाही. ज्या कंपनीत शेकडो हुशार माणसं आपला खिसा कसा कापावा याचा अभ्यास करताहेत, तिला घड्याळाचा काटा फिरवून गंडवणाऱ्या बाईंना माझा मनोमन नमस्कार आहे.

कायद्यालाही या विषयाने घाम फोडलाय. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दारी गेला. कौशल्य असेल तर खेळ, नशीब असेल तर पैसे लावणं म्हणजे जुगार. शकुनीला विचारलं असतं तर त्याने कौशल्याचा असं शपथेवर सांगितलं असतं. माझ्या मते लुडो या दोन्हींत बसत नाही, तो सूड उगवण्याचा खेळ आहे. २०२० च्या टाळेबंदीत नाशिक, पुणे आणि न्यूजर्सी असं आमचं कुटुंब नवी मुंबईत तयार झालेल्या 'लुडो किंग'वर रोज एकत्र यायचं. लग्नातल्या मानपानापासून तुंबलेले सगळे हिशेब त्या चार रंगांच्या सोंगट्यांनी चुकते केले. घराच्या वाटेला वळायला एक घर उरलेली माझी सोंगटी जावेने मारली तेव्हा तिच्या तोंडावर जे समाधान होतं, ते कौशल्याचंही नव्हतं आणि नशिबाचंही.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. त्याच्या जरा आधी आपल्या विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात सभागृहात मोबाईलवर रमी दिसल्याच्या चित्रफितीवरून गदारोळ उठला होता. आपण खेळत नव्हतो, आपोआप समोर आलेला गेम बंद करत होतो, असा खुलासा संबंधित मंत्र्यांनी केला. त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि दुसरं मिळालं. कोणतं? क्रीडा. यावर विनोद करायचा मी खूप प्रयत्न केला, पण सरकारने माझ्यासाठी जागाच सोडलेली नाही.

क्रीडा म्हटलं की करिअर आलं. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला अधिकृत मान्यता दिली, २०२३ च्या हांगझोच्या आशियाई स्पर्धांत पदकंही दिली गेली. अर्णवने ही बातमी आजीच्या फोनवर पाठवली. मला आनंदाऐवजी धडकी भरली. आता क्लास निघणार. बॅचेस पडणार. डक हंटचे २१ अपेक्षित प्रश्नसंच बाजारात येणार. "तुमचा कितव्या स्टेजला आहे?" असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलं जाणार आणि मुलं गेम खेळायचं टाळण्यासाठी गणिताच्या पुस्तकात तोंड लपवून बसणार. नवऱ्याचा सूर मात्र त्या दिवसापासून बदललाय. "बक्षिसाची रक्कम साधारण किती असते रे?" असं त्याने परवा अर्णवला विचारलं. दोन पक्षांची युती दृष्टिपथात आहे.

त्यांना मी अमेरिकेतल्या एका मुलाची हकीकत सांगितली. निन्टेंडोच्या १९८९ च्या टेट्रिसमध्ये एकोणतिसाव्या पातळीपासून ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की पुढे माणसाचा निभाव लागत नाही, असं वर्षानुवर्षं समजलं जायचं. २१ डिसेंबर २०२३ ला तेरा वर्षांचा एक मुलगा एकशे सत्तावन्नाव्या पातळीपर्यंत पोचला आणि तिथे गेमनेच हात टेकले. पडदा गोठला. ३४ वर्षांत कोणा माणसाने हे केलं नव्हतं. त्यावर इंग्लंडमधल्या एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने, मीही एक आई आहे म्हणत त्याला सुनावलं, की बाळा, पडद्यासमोरून ऊठ, जरा बाहेर मोकळ्या हवेत जा, टेट्रिस जिंकणं हे काही आयुष्याचं ध्येय नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर बोलली ती." अर्णव म्हणाला, त्याची एकाग्रता बघा. नवऱ्याने बक्षिसाची रक्कम विचारली.

मला त्या पोराचा हेवा वाटला. जगात कोणाचंही त्यामुळे भलं झालं नाही, कोणाचं वाईट झालं नाही, कुठला रोग बरा झाला नाही, कुठला पूल उभा राहिला नाही. नुसते ठोकळे पडत होते आणि ते रचता येतात तिथवर एका मुलाने रचले. हे कोणाला शिकवू नये, याला मार्क देऊ नयेत, याचं शिबिर काढू नये. आणि कोणी विचारलंच, की यातून मिळालं काय, तर स्कोअर सांगावा आणि जेवायला बसावं.